बाकावर ठरलेला आकडा

दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, पूर्वी एक्स-रेची खोली होती. मशीन नव्या इमारतीत गेलं, खोली राहिली. दाराला आतून शिशाचा पत्रा आहे, त्यामुळे ते ढकलायला खांदा लावावा लागतो आणि एकदा लागलं की आतलं अक्षर बाहेर येत नाही. खिडकी नाही. या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक पंखा आणि पालिकेच्या आरोग्य खात्याने नेमलेली एक बाई असते. उदास झालेल्या आणि घाबरून गेलेल्या माणसांशी रोज पाच-सहा तास बोलणं हे तिचं काम. त्याचा तिला पगार मिळतो. ही गोष्ट तिच्या घरात अजून कुणाच्या गळी उतरलेली नाही.

तिला सगळे चौकशीबाई म्हणतात. हे नाव आधीच्या नोकरीतलं. बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत ती विसेक वर्षं बसली. कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, उशीर किती, एवढंच सांगायचं. मग स्थानकात मोठे पडदे लागले, वेळा आपोआप झळकू लागल्या आणि खिडकीला बाहेरून फळी ठोकली गेली. खिडकीतल्या लोकांना दुसऱ्या खात्यांत सामावून घ्यायचं ठरलं. तिच्यासमोर तीन पर्याय ठेवले: पाणीपट्टीची वसुली, जन्ममृत्यूची नोंद आणि दवाखान्यातली ही नवी योजना. तिने एकच विचारलं, "यातलं बसून कुठलं आहे?" वसुली फिरून करायची होती. नोंदणीच्या कार्यालयात खुर्च्या कमी होत्या. अशा रीतीने ती मानसोपचारात आली.

योजनेमागचा विचार सरळ होता. मनाचे डॉक्टर थोडे, त्यांची फी मोठी, पेशंट पुष्कळ. बोलून करायच्या उपचाराची एक बांधलेली पद्धत असते. ती साध्या, धीराच्या माणसाला काही महिन्यांत शिकवता येते आणि मध्यम स्वरूपाच्या दुखण्याला ती लागू पडते. अवघड पेशंट डॉक्टरकडे, बाकीचे या माणसाकडे. स्वस्त पडेल, असा अंदाज होता. पालिकेने तीन दवाखान्यांत तीन माणसं बसवली. ही त्यातली एक.

शिकवायला डॉक्टरीणबाई होत्या. दवाखान्याच्या प्रमुख, कमी बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, सल्ला द्यायचा नाही. बाकीच्या दोघांना हे फार जड गेलं. चौकशीबाईला गेलं नाही. खिडकीवर लोक विचारायचे, "बाई, यातली कुठली गाडी बरी?" आणि तिथला नियम होता की वेळ सांगायची, मत सांगायचं नाही. कारण गाडी रस्त्यात बंद पडली की प्रवासी परत खिडकीवर येतो.

तिचा दोष वेगळा होता. तिला रांग सहन व्हायची नाही. समोरचा माणूस बोलता बोलता थांबला की ती लगेच पुढचा प्रश्न टाकायची. तो हुंदका आवरतोय की शब्द शोधतोय, हे बघायच्या आत. डॉक्टरीणबाई सुरुवातीला कोपऱ्यात बसून ऐकत. एकदा त्यांनी पेशंट गेल्यावर विचारलं, "तुमची गाडी सुटतेय का?" गप्प बसायला शिकण्यात तिचं जवळजवळ वर्ष गेलं. ते अजून पूर्ण झालेलं नाही, हे पुढे दिसेल.

घरी नवरा प्लंबर. गळणारे नळ, तुंबलेली गटारं, जुने पाइप. कामावरून आल्यावर तो हातपाय धुऊन जेवायला बसतो आणि मग विचारतो, "आज किती जणांशी बोललीस?"

"पाच."

"आणि किती दुरुस्त झाले?"

"असं नसतं हो ते."

"माझं असंच असतं. मी गळती थांबवतो, पैसे घेतो. तू गळती ऐकतेस आणि पगार घेतेस."

नणंद आली की तिचं वेगळं. "वहिनी, आपण आयुष्यभर फुकट बोललो की गं. आधी कळलं असतं तर मी बंगला बांधला असता."

 नणंदेला बंगला बांधण्याइतकं बोलता येतं, हे चौकशीबाईला मान्य आहे.

कामाची रीत अशी. पेशंटच्या आठ बैठका, आठवड्याला एक. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला नऊ प्रश्न. झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का, थकवा, स्वतःबद्दल वाईट वाटणं, असं करत नवव्या प्रश्नापर्यंत यायचं. तो असतो जगणं नकोसं होतं का, हा. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज जितकी मोठी, तितकं दुखणं मोठं. लागोपाठ दोन आठवडे बेरीज पाचाच्या खाली आली की पेशंट बरा. त्याच्याशी हात मिळवायचा आणि बाहेर वाट बघणाऱ्याला आत घ्यायचं. आठ बैठकांत आकडा खाली आला नाही तर आणखी आठ मिळतात, तरी नाही आला तर परत आठ.

तिच्या पहिल्या पेशंटांत एक शिंपी होता. त्याला सगळे मास्तर म्हणत. तीस वर्षं कात्री चालवलेला माणूस एका सकाळी कापडासमोर उभा राहिला आणि त्याला कापता येईना. हात चांगला होता. पण प्रत्येक काप चुकणार, गिऱ्हाईक ओरडणार, दुकान जाणार, अशी खात्रीच त्याला वाटू लागली. मग त्याने दुकान उघडणं बंद केलं. बायको शेजारच्या कारखान्यात बटणं लावायला जाऊ लागली. मास्तर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला.

चौकशीबाईने त्याला शिकवल्याप्रमाणे लहान काम दिलं. रोज एक रुमाल कापायचा. चौकोनी. शिवायचा नाही, फक्त कापायचा.

"रुमालाला शिंपी लागतो का, बाई?" तो म्हणाला होता.

"नाही. म्हणूनच."

पहिल्या आठवड्यात दोन कापले. दुसऱ्या आठवड्यात दुकानात जाऊन कापले. पुढे कधीतरी उशीची खोळ, मग पायजमा. मध्ये पुन्हा दहा दिवस काहीच नाही. मग शर्ट.

दुसरा, शाळेची बस चालवणारा. त्याला उड्डाणपुलावर छातीत धडधड व्हायची, घाम फुटायचा, हात सुन्न पडायचे. तो पूल टाळून लांबच्या रस्त्याने जायचा. मुलं रोज उशिरा पोचत, शाळा खूश नव्हती, मुलं होती. महिन्यातून दोन-तीनदा तो मरतोय असं वाटून मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जायचा. तिथे त्याच्या छातीचा आलेख निघायचा, तो उत्तम असायचा, आणि त्याला घरी पाठवायचे. आलेख काढणारा त्याला नावाने ओळखू लागला होता.

अशी माणसं येत. बाहेर एक लांब बाक होता, त्यावर आपापल्या पाळीची वाट बघत बसत.

दीड वर्ष झाल्यावर पालिकेने हिशेबवाला पाठवला. तिशीचा तरुण, पाठीवर पिशवी, बोलणं मऊ. कुठला उपचार किती पैशांत किती माणसं बरी करतो, हे मोजणं हा त्याचा धंदा. तो आला, खुर्चीत बसला, पंख्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, वाईट बातमी आहे. दुसऱ्या दोन केंद्रांवर जेवढ्या खर्चात तीन माणसं बरी होतात, तेवढ्यात तुमच्याकडे एक होतो."

"पण माझा खर्च काय आहे? पंखा आणि मी."

"खर्च तेवढाच आहे. माणसं बरी होत नाहीत. त्यामुळे जे बरे झालेत त्यांच्यावर सगळा बोजा पडतो. तुमच्याकडे बरा झालेला माणूस वर्षभराच्या गोळ्यांपेक्षा महाग पडलाय."

चौकशीबाई गप्प राहिली. या वेळी शिकलेलं गप्प राहणं नव्हतं ते.

"आणि दुसरी गोष्ट," तो म्हणाला. "बाहेर चार महिन्यांची प्रतीक्षा यादी आहे. जे थांबलेत ते कामाला जात नाहीत, इस्पितळात खेपा घालतात. तोही खर्चच. फक्त तो आपल्या खात्यात दिसत नाही. तुमची खुर्ची रिकामी झाली असती तर ते आत आले असते."

"खुर्ची रिकामी होत नाही."

"तेच म्हणतोय. आकडे विचित्र आहेत तुमचे. वीसवरून खाली येतात आणि बाराला थांबतात. बारा, बारा, तेरा, बारा. पुढच्या आठ बैठका. परत बारा."

तीन महिन्यांनी समिती बसणार होती. तीनपैकी जे केंद्र परवडत नाही ते बंद होणार होतं. हे सांगताना त्याने चष्मा पुसला. त्याला ते सांगायला आवडलं नव्हतं, एवढं त्यावरून दिसलं.

चौकशीबाईने स्वतःपुरता निष्कर्ष काढला. आपल्याला हे जमत नाही. लोकांना अर्ध्यापर्यंत आणता येतं, पुढे नाही. ती डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि वसुलीची जागा अजून रिकामी आहे का, असं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, समिती बसेपर्यंत थांबा. घरी तिने कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याने "आज किती?" विचारलं, ती "पाच" म्हणाली.

त्याच आठवड्यात नवऱ्याची नवी पँट लांब झाली म्हणून तो मास्तरकडे आखूड करायला घेऊन गेला. मास्तर हिचा पेशंट आहे हे तिने घरी कधी सांगितलं नव्हतं. तसा नियमच आहे. पण मास्तर स्वतःच ते गल्लीभर सांगत सुटला होता, त्यामुळे नियमाचा उपयोग नव्हता.

नवरा परत आला आणि म्हणाला, "तुझा मास्तर बराय की."

"तुम्हाला काय माहीत?"

"शीळ घालत होता. दोन मशिनं चालू, हाताखाली दोन माणसं. माझ्या पँटवर विनोद केला. म्हणाला, पँट लांब नाहीये, तुम्ही आखूड आहात. बायको सांगत होती, रात्री इतका घोरतो की शेजारी भिंत वाजवतात."

चौकशीबाई ताटावरून उठली.

पुढच्या मंगळवारी मास्तर आला. खांदे पाडून बसला. नऊ प्रश्नांची उत्तरं दिली.

"झोप?"

"नाही लागत, बाई. डोळा लागला की उघडतो."

"भूक?"

"नावाला."

"कशात मन लागतं?"

"कसलं मन नि कसलं काय."

बेरीज बारा. तिने पेन खाली ठेवलं.

"मास्तर, परवा दुकानात शीळ कोण घालत होतं?"

मास्तर पंख्याकडे बघू लागला.

"आणि रात्री घोरतं कोण?"

"बायको पण घोरते," तो म्हणाला.

ती थांबली. बराच वेळ थांबली. शेवटी त्याने खांदे सरळ केले आणि एकदम वेगळाच माणूस खुर्चीत बसल्यासारखा दिसू लागला.

"बाई, खरं सांगू? मी गेल्या पावसाळ्यापासून ठणठणीत आहे."

"मग हे बारा कुठून येतात?"

"बाकावर ठरलंय."

"काय ठरलंय?"

"बारा. पाचाच्या खाली गेलं की तुम्ही हात मिळवता आणि बाहेर काढता. मग परत झालं तर? यादी चार महिन्यांची. म्हणून खाली जायचं नाही. आधी आम्ही पंधरा-सोळा ठेवायचो. पण पंधराला डॉक्टरीणबाई बोलावून गोळ्या वाढवतात. नको ते. दहाला तुम्ही फार खूश होता आणि पुढच्या वेळी सात येतील म्हणून वाट बघता. बारा बरे. बाराला कुणी काही करत नाही."

"सगळ्यांनी?"

"नवा माणूस आला की त्याला आधी समजावतो. बसवाला समजावतो, तो चांगलं समजावतो. तो रोज पुलावरून जातो आता, पण इथे बारा सांगतो." मास्तर थोडा पुढे झुकला. "आणि बाई, तुमचाही विचार होता त्यात. पेशंट सगळे बरे झाले तर तुम्हाला कोण ठेवणार? कारखान्यात काम संपलं की माणसं काढतात. आम्ही म्हटलं, बाईंची नोकरी गेली नाही पाहिजे."

ही खोली वाचावी म्हणून वर्षभर लोक आजारी राहत होते. त्यात त्यांची बरीच मेहनत गेली होती. बऱ्या माणसाला दर आठवड्याला झोपेची तक्रार नव्याने सांगायची, तीही पटेल अशी, हे सोपं काम नाही.

इथे चौकशीबाईने गप्प राहायला हवं होतं. तिला ते माहीत होतं. पण खिडकीवरची विसेक वर्षं जिंकली.

"अहो मास्तर, याच बारांनी खोली बंद व्हायची वेळ आलीय! माणसं बरी होत नाहीत म्हणून बंद करतायत!"

मास्तर उठला. "असं होय," एवढंच म्हणाला आणि खांदा लावून दार उघडून गेला. बैठक अर्धीच झाली होती.

पुढचा आठवडा शहराच्या आरोग्याच्या इतिहासात नोंद घेण्यासारखा होता. सोमवारी बसवाला आला, बेरीज दोन. त्याच्यानंतरची बाई, तीन. मंगळवारी मास्तर, शून्य. तो म्हणाला, "नऊच्या नऊ शून्य लिहा, मोजत बसू नका." बुधवारी एक जण आला, जो पहिल्यांदाच येत होता, ज्याचं नाव यादीत चार महिने होतं आणि ज्याला आत यायच्या आधीच आराम पडला होता. बेरीज चार. त्याला बाकावर कुणीतरी सांगितलं होतं की शून्य संशयास्पद दिसतं.

चौकशीबाईच्या लक्षात आलं की आता खोली सहज वाचेल. असे दोन आठवडे गेले की सगळ्यांशी हात मिळवता येईल आणि समितीसमोर तिचं केंद्र पहिलं येईल. तिने स्वतः कुणाला काही सांगायला सांगितलं नव्हतं. जे सांगतील ते लिहून घेणं, एवढंच तिचं काम. तसं मनाशी म्हणून तिने बुधवार काढला.

गुरुवारी गोदामबाई आली.

ही माल पाठवणाऱ्या गोदामात खोकी बांधायची. पस्तिशीची, उंच, बोलायला लागली की मधेच विसरल्यासारखी थांबणारी. तीन बैठका झाल्या होत्या. तिची बेरीज एकोणीस होती आणि ती खरी होती, कारण ती बाकावर कुणाशी बोलतच नसे. नवव्या प्रश्नाला तिने मागच्या वेळी "कधी कधी" म्हटलं होतं. चौकशीबाईने त्याच दिवशी तिला वर डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. गोळ्या सुरू झाल्या होत्या, तिची बहीण राहायला आली होती, आणि आठवड्याने परत यायचं ठरलं होतं.

ती बसली. केस विंचरले नव्हते. कामाच्या कपड्यांवर चिकटपट्टीचा एक तुकडा तसाच होता.

"झोप कशी आहे?"

"छान."

"भूक?"

"छान."

"कशात मन लागतं?"

"सगळ्यात."

असं नवव्यापर्यंत. नवव्यालाही तिने त्याच आवाजात "अजिबात नाही" सांगितलं. बेरीज तीन. तीसुद्धा तिने मधे तीनदा चुकून "थोडं" म्हटलं म्हणून.

चौकशीबाई काही बोलली नाही. पंखा फिरत होता. गोदामबाई टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होती. हे थांबणं मात्र खरं होतं, डॉक्टरीणबाईंनी शिकवलेलं, आणि ते बराच वेळ चाललं.

"काल काय जेवलात?"

गोदामबाईचं बोट कडेवर थांबलं.

"परवा?"

"बहीण करते. माझ्याच्याने जात नाही."

"आणि हे तीन?"

"बाकावर मास्तर भेटले. म्हणाले, ताई, तुमचं एकटीचं मोठं राहिलं तर सगळी सरासरी बिघडेल. खोली वाचवायचीय." ती थांबली. "माझ्यामुळे आधीच सगळीकडे नुकसान होतं. इथे नको."

"आणि तीन लिहिल्यावर मी तुम्हाला दोन आठवड्यांनी घरी पाठवणार. मग?"

"मग काय. बघू."

"नवव्या प्रश्नाचं खरं उत्तर काय आहे?"

गोदामबाईने खरं उत्तर दिलं. ते मागच्या आठवड्यापेक्षा वाईट होतं.

चौकशीबाईने तिचा हात धरला आणि तिला जिन्याने वर नेलं. डॉक्टरीणबाईंनी समोरचा पेशंट थांबवून तिला आत घेतलं. दुपारपर्यंत मोठ्या इस्पितळात जागा झाली, बहीण सोबत गेली. खाली बाकावर तीन जण वाट बघत होते. चौकशीबाईने त्यांना सांगितलं, आज खोली बंद. मास्तरलाही निरोप धाडला, दुकान सोडून या. तो आला तेव्हा ती त्याला जे बोलली ते शिशाच्या दाराआड बोलली. काय बोलली ते कळायला मार्ग नाही. मास्तर बाहेर आला तेव्हा शीळ घालत नव्हता.

मग तिने हिशेबवाल्याला फोन केला.

"हे सगळे कागद खोटे आहेत," ती म्हणाली. "आधीचे बारा खोटे होते. आताचे दोन-तीन पण खोटेच धरा. काही खरे असतील, पण कुठले ते मला सांगता येत नाही."

तो संध्याकाळी आला. तिने सगळं सांगितलं. बाक, बारा, मास्तर, स्वतःचं अर्ध्या बैठकीत बोलून जाणं. त्याने मधे प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाला, "या आठवड्याचे कागद तुम्ही तसेच दिले असते तर तुमचं केंद्र शहरात पहिलं आलं असतं. मी ते मानलं असतं की नाही, सांगता येत नाही. समितीने मानलं असतं."

"ठाऊक आहे."

"आता माझ्याकडे तुमचा एकही आकडा नाही. आकडा नसलेलं केंद्र वाचवणं कठीण असतं."

"तेही ठाऊक आहे."

तो उठला, पिशवी पाठीवर टाकली, परत बसला. "एक करता येईल. वेळ कमी आहे, पण करता येईल."

त्याने दुसऱ्या दवाखान्यातून एक नर्स मागून घेतली. तिने या पेशंटांना कधी पाहिलं नव्हतं. ती घरोघर गेली. नऊ प्रश्न विचारले, पण त्याआधी दुसरे विचारले: गेल्या तीन महिन्यांत किती दिवस कामाला गेलात, इस्पितळात किती खेपा घातल्या, कुणाकडून उसने घेतले का. या प्रश्नांसाठी बाकावर काही ठरलेलं नव्हतं. बसवाला वर्षभरात तातडीच्या विभागात एकदाच गेला होता, तेही मुलाचा गुडघा फुटला म्हणून. मास्तरने रविवारसुद्धा सोडला नव्हता. नर्सने नऊ प्रश्न सुरू केले तेव्हा तो म्हणाला, "ताई, आधी सांगा, तुम्हाला किती हवेत?"

"जेवढे असतील तेवढे."

"हे सगळ्यात अवघड," असं म्हणून त्याने विचार करून उत्तरं दिली. बेरीज तीन. एक गुण झोपेचा होता. बायकोच्या घोरण्यामुळे.

सगळेच बरे निघाले नाहीत. काहींचे बारा खरोखरचे बारा होते. खोट्या बारांच्या गर्दीत ते कुणाला दिसले नव्हते. दोघांचे सतरा-अठरा होते आणि त्यांना वेळीच वर पाठवायला हवं होतं. चौकशीबाईने ती नावं ऐकून घेतली. त्यातल्या एकाला ती वर्षभर दर बुधवारी भेटत होती.

समिती बसली. हिशेबवाल्याने सांगितलं की हे केंद्र तिघांत मधलं आहे. एका बऱ्या झालेल्या माणसाचा खर्च नुसत्या गोळ्यांपेक्षा थोडा जास्त येतो. मात्र इस्पितळाच्या वाचलेल्या खेपा आणि कामाचे दिवस धरले तर बराच कमी. समितीतला लेखा विभागाचा सदस्य म्हणाला की इस्पितळाच्या खेपा दुसऱ्या खात्याच्या आहेत आणि कामाचे दिवस तर कुठल्याच खात्याचे नाहीत, त्यामुळे ते धरता येणार नाहीत. यावर चर्चा झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, माणूस कुठल्या खात्याचा आहे. त्याचं उत्तर कार्यवृत्तात नाही. केंद्राला एक वर्षाची मुदत मिळाली.

दोन बदल झाले. नऊ प्रश्न यापुढे चौकशीबाईने विचारायचे नाहीत, दुसऱ्या मजल्यावरची नर्स विचारील. आणि बऱ्या झालेल्याला दर तीन महिन्यांनी एकदा, यादीत न लागता, येऊन बसता येईल. हा दुसरा बदल चौकशीबाईने मागितला होता. हिशेबवाल्याने त्याचा खर्च काढला. तो इतका थोडा निघाला की त्याने दोनदा मोजला.

दोन आठवड्यांत खोलीतून बरेच जण बाहेर पडले. यादी चार महिन्यांवरून पाच आठवड्यांवर आली. नवऱ्याला हे तिने सांगितलं.

"म्हणजे इतके दिवस तुंबलेलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"मग आधी का नाही सांगितलंस? मी आलो असतो."

गोदामबाई तीन आठवडे इस्पितळात होती. मग बहिणीकडे. महिन्याभराने ती परत खाली आली. मोकळ्या झालेल्या जागांमुळे तिला आठवड्यातून दोन बैठका मिळाल्या, त्यातली एक मास्तरची मंगळवारची. तिची प्रगती सरळ रेषेत नाही. कधी आठवडा बरा, कधी वाईट. अर्धा दिवस गोदामात जाऊ लागली आहे.

गेल्या मंगळवारी ती आली, बसली आणि तिने विचारलं, "आज किती सांगू?"

"मला काही सांगायचं नाही. वर नर्स विचारतील, त्यांना सांगा. जे असेल ते."

"जास्तच आलं तर?"

"येऊ दे. खोली माझी आणि डॉक्टरीणबाईंची काळजी आहे. तुमची नाही."

गोदामबाई टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. चौकशीबाई बोलली नाही.

"मुकादम नवा आलाय," गोदामबाई शेवटी म्हणाली. "गाढव आहे. मोठं खोकं खाली ठेवायचं एवढंसुद्धा कळत नाही त्याला. काल भांडले मी."

"काय म्हणालात?"

"सांगते," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढली.